मागच्या दाराचे चार टाके

देवास, ४ ऑगस्ट २०२४

ती. स्व. भास्करकाकांस आरोहीचा सा. न. वि. वि.

मागचं पत्र तुमच्या लाल शाईत न्हाऊन परत आलं. अकरा चुका! कुशल म्हणतो, दीदी, काकांना सरळ फोन करत जा, फोनवर मार्क कापता येत नाहीत. पण हिंदी शाळेत शिकलेल्या पुतणीचं मराठी गंजू नये म्हणून ही सवय तुम्हीच लावलीत, आता भोगा.

आईचा गुडघा तसाच आहे. टेकडी चढणं बंद, देवीला खालूनच नमस्कार.

माझ्या संशोधनाला तुम्ही हसलात, की गुन्ह्यावर पीएच.डी. आणि त्यात चोर एकही नाही. खरंच नाही. माणसं मरतात आणि कायद्याला त्यात गुन्हेगार दिसत नाही, किंवा दिसतो तो सगळ्यांत खालच्या पायरीवरचा. मी अशाच केसेस गोळा करतेय. सध्या एकच घेऊन बसले आहे. बदनावरजवळचा सोयाबीन तेलाचा कारखाना, जानेवारी २०१८. शेडमध्ये वायू पेटला. पेंडीच्या थैल्या शिवणाऱ्या तीन बायका आत अडकल्या. मागच्या दाराला कुलूप होतं आणि किल्ली चौकीदार भेरूलालकडे. तो ट्रक आत घ्यायला फाटकावर गेला होता. त्याला आठ वर्षांची शिक्षा झाली. मालक सुटला, कारण दोनच महिन्यांपूर्वीच्या तपासणी अहवालात लिहिलं होतं की दोन्ही दारं मोकळी आहेत. मेलेल्यांतली सावित्रीबाई भेरूलालची सख्खी भावजय. भाऊ त्याला तुरुंगात एकदाही भेटला नाही.

भेरूलाल सांगतो, किल्ली नव्हतीच, दार बंद करून टाकलेलं होतं. त्याचं अपील इंदूरला आहे. तुम्ही तीस वर्षं कारखाने तपासलेत. असा अहवाल कसा लिहिला जातो, ते सांगाल? त्यावरची सही कोणालाच वाचता येत नाही.

काकूंना नमस्कार. माया आहेच, ती चुकांगणिक कमी करू नये.

आपली,
आरोही

*

धार, १५ ऑगस्ट २०२४

चि. आरोहीस अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र तपासून सोबत परत पाठवतो आहे. या खेपेस सहाच चुका, प्रगती आहे. ‘सख्खी भावजय’ असं कोणी म्हणत नाही. भाऊ सख्खा असतो.

ऋजुताचं लग्न १२ डिसेंबरला ठरलं. मुलगा तुमच्या देवासचाच, नोटांच्या छापखान्यात आहे. अजेय बहिणीसाठी पुण्याहून पंधरा दिवस आधी येईल. वहिनींना सांग, गुडघ्याची सबब चालणार नाही.

तुझ्या प्रश्नाबद्दल. मी त्या सुमारास रतलामला होतो, बदनावर माझ्याकडे नव्हतं. अहवाल नियमानुसार लिहिले जातात, त्यात सांगण्यासारखं विशेष नाही. दुसरी एखादी केस घेतलीस तर बरं. ज्याचा निकाल लागला ते उकरून काय मिळणार?

पावसात फिरू नकोस. आमचा जीव तुम्हा मुलांपाशी आहे, एवढं लक्षात असू दे.

तुझा,
भास्करकाका

*

देवास, २४ ऑगस्ट २०२४

ती. स्व. काकांस सा. न. वि. वि.

हे पत्र कसं सुरू करावं ते कळत नाहीये.

तुम्ही तपासलेलं पत्र समोर ठेवलं आहे. ‘मागच्या दाराला कुलूप होतं’ हे माझं वाक्य. तुम्ही ‘कुलूप’ शब्दावर लाल रेघ मारलीत आणि वर बारीक अक्षरात लिहिलंत: ‘टाके. वेल्डिंगचे, चार. कडी आधीच काढलेली.’

मी दोन दिवस सगळे कागद पुन्हा चाळले. पंचनाम्यात टाके नाहीत, निकालपत्रात नाहीत. आगवाल्यांनी दार कापून काढलं, आणि भंगारात काय गेलं ते कोणी पाहिलं नाही. दाराला टाके मारलेले होते असं भेरूलालने कोर्टात सांगितलं होतं, पण किती ते त्यालाही आठवत नव्हतं. कोर्टाने ती बनवाबनवी मानली. मी तुम्हाला टाक्यांबद्दल एक अक्षर लिहिलेलं नव्हतं.

काका, चार हे तुम्हाला कुठून कळलं?

आरोही

*

धार, ९ सप्टेंबर २०२४

चि. आरोहीस आशीर्वाद.

दोन पत्रं लिहून फाडली. हे तिसरं.

बदनावर माझ्याकडे नव्हतं, हे खरं. पण नोव्हेंबर २०१७ मध्ये तिथले सहकारी आजारी रजेवर गेले आणि दहा दिवस त्यांचा भार माझ्याकडे आला. आमच्या खात्यात काम कसं चालायचं ते विचारलं होतंस. मॅनेजरच्या खोलीत बसायचं, गेल्या वर्षीचा अहवाल समोर ठेवायचा, तारीख बदलायची. त्याला आम्ही ‘मागीलप्रमाणे’ म्हणायचो. सहकाऱ्याच्या वतीने म्हणून सही केली, ती वाचता येईल अशी केली नाही. ते गृहस्थ आता हयात नाहीत.

पण त्या दिवशी मी शेडमध्ये फिरलो होतो. दार हाताने दाबून पाहिलं. हललं नाही. वर दोन, खाली दोन टाके. मॅनेजर म्हणाला, बायका मागून चोरून थैल्या बाहेर देतात, भाईसाब, सीझन संपला की घासून काढतो. मी त्याला चांगलं खडसावलं आणि खोलीत येऊन दोन्ही दारं मोकळी असल्याचं लिहिलं. त्याने चहाबरोबर सेव मागवली होती. दुसरं काही घेतलं नाही. घेतलं असतं तर निदान कारण तरी सांगता आलं असतं.

आगीची बातमी रतलामला वाचली. कोणीतरी विचारायला येईल म्हणून थांबलो. कोणी विचारलं नाही. मग चौकीदाराला शिक्षा झाल्याचंही वाचलं. खोटा अहवाल मी सात वर्षं सुखाने सोडून दिला, आणि तुझं एक चुकीचं वाक्य मात्र सोडवलं नाही.

एक मागणं आहे. लग्न होऊ दे. डिसेंबरनंतर तू म्हणशील तिथे येईन. घरात कोणाला ठाऊक नाही.

तुझा,
काका

*

देवास, १७ सप्टेंबर २०२४

ती. स्व. काकांस नमस्कार.

अपिलाची पेशी १८ नोव्हेंबरला आहे. लग्न १२ डिसेंबरला.

तुमची पत्रं मी कोणाला दाखवलेली नाहीत. नाव न सांगता भेरूलालच्या वकिलांना, अंबरीशजींना, विचारलं. ते म्हणाले, काकाने पुतणीला काय लिहिलं त्याने फारसं होत नाही, माणूस स्वतः उभा राहायला हवा. म्हणजे माझ्या हातात काही नाही, आणि मला त्याचं बरं वाटलं. हेही लिहून टाकते, कारण तुम्ही सगळं लिहिलंत.

तिरल्याला, भेरूलालच्या गावी, जाऊन आले. भेरूलालचा भाऊ बोलायला तयार नव्हता. शेवटी एवढंच म्हणाला, की किल्ली खिशात घेऊन हिंडत होता, आणि माझी बायको दार वाजवत होती.

लग्नाला मी येणारच आहे, तुम्ही काहीही ठरवलंत तरी. ऋजुताने काही केलेलं नाही. पण मागचं दार बंद ठेवायचं की नाही, ते या वेळी तुम्हीच लिहायचं आहे.

आरोही

*

धार, २ फेब्रुवारी २०२५

चि. आरोहीस अनेक आशीर्वाद.

लग्नात तुझ्याशी धड बोलता आलं नाही. मी पेशीआधीच कोर्टात प्रतिज्ञापत्र दिल्याचं आलेल्यांपैकी निम्म्यांना ठाऊक होतं आणि ते वाढप्याशी माझ्यापेक्षा जास्त बोलत होते. व्याह्यांनी मात्र काही दाखवलं नाही, त्यांचे उपकार. अजेय अजून बोलत नाही. खात्याची नोटीस आली आहे. ती रास्त आहे.

१८ नोव्हेंबरला मी इंदूरला कोर्टात दिवसभर बसलो होतो. नंबर आला नाही. मग डिसेंबरची तारीख, मग जानेवारीची. मधेच माफीचे दिवस धरून भेरूलालची शिक्षा पुरी झाली आणि तो सुटला. म्हणजे माझ्या कागदाने तो एक दिवसही आधी सुटला नाही. आता ऐकण्याची घाई कोणाला नाही. पुढची तारीख २० मार्च.

परवा तिरल्याला गेलो. तू येऊ का विचारलं होतंस, पण एकट्याने जायचं होतं. भावाच्या घरासमोर भेरूलाल ओट्याखाली बसला होता. घरात घेत नाहीत, जेवण बाहेर मिळतं. भाऊ ओट्यावर होता. दोघांसमोर सगळं सांगितलं. भेरूलालने विचारलं, साहेब, दाराला हात लावला होता का. लावला होता, म्हटलं. टाके किती होते. चार, वर दोन, खाली दोन. त्याने ते बोटांवर मोजले. मग म्हणाला, किल्लीबद्दल त्याला इतक्यांदा विचारलं गेलं, की तुरुंगात दोन वर्षांपासून त्याला स्वप्न पडायचं. खिशातून किल्ली काढतो, दार उघडतो, आणि तिघी बाहेर येतात. उठल्यावर वाटायचं, खरंच आपल्याकडे होती की काय.

भाऊ उठून आत गेला. मला वाटलं, काठी आणतोय. बऱ्याच वेळाने दारात येऊन त्याने भेरूलालला आत बोलावलं, म्हणाला, रोटी ठंडी हुई री है, मांय आ. भेरूलाल आत गेला.

मी पायी निघालो.

हे पत्र तपासून परत पाठव. काही गाळलेलं वाटलं तर विचार. आता विचारत जा. लोभ राहिला असेल तेवढा ठेव.

तुझा,
भास्करकाका