परवाना चालू राहील

३ नोव्हेंबर, विसरवाडी
आले एकदाची! धानोऱ्याहून निघताना आईने दादर ज्वारीच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली होती, ती बसमध्येच संपली. खोली छान आहे. घरमालकीण हिरीमावशी एकट्याच राहतात, मुलगा दानियल सुरतेला कामाला. रविवारी चर्चमध्ये त्या पुढे उभ्या राहून गातात. उद्यापासून संस्थेचं काम सुरू: सिकलसेल तपासणीचे निरोप गावोगाव फोनवर पोचवायचे.

६ नोव्हेंबर
जादूच आहे ही. एआयच्या ॲपसमोर थोडा वेळ बोललं, की मग ते काहीही आपल्या आवाजात बोलून देतं. काय बोलावं सुचेना, म्हणून आईबद्दलच बोलत बसले. ती मला चिमी म्हणते, तिचे गुडघे, तिचं एकटेपण, सगळं. इथल्या मावची बोलीतल्या निरोपांसाठी हिरीमावशींना बसवलं. आवाज मग कुणाचा राहील, असं त्यांनी विचारलं. तुमचाच, मी म्हणाले. अटींचं लांबलचक पान आलं होतं. वर सरकवलं आणि ‘मान्य’ दाबलं. दोघींच्या वतीने मीच.

१४ नोव्हेंबर
दानियल अचानक आला. आईने फोन करून बोलावलं, म्हणाला. मावशींनी फोन केलेलाच नाही. दोघंही माझ्याकडे बघत राहिले. ॲपवरून गेलेले निरोप तपासले. त्यात असा एकही नाही.

१५ नोव्हेंबर
संस्थेतल्या जोएलसरांबरोबर बसून अटी ओळ न् ओळ वाचल्या. तुम्ही दिलेली माहिती आणि आवाज वापरण्याचा, बदलण्याचा, त्यातून नवं घडवण्याचा, इतरांना देण्याचा कायमचा परवाना. दुसऱ्या कुणाचा आवाज दिलात तर जबाबदारी तुमची. सर म्हणाले, “शीलाताई, आवाज तुमचाच आहे. तो काय बोलेल, ते मात्र तुमच्या हातात नाही.”
खातं बंद केलं. उत्तर आलं: खाते बंद झाले आहे, दिलेला परवाना चालू राहील.
मावशींना सगळं सांगितलं. रविवारी गाणार नाही, एवढंच म्हणाल्या.

२२ नोव्हेंबर
हिरीमावशी गेल्या. चार दिवस ताप होता, तो डोक्यात गेला. आज माती दिली.

२५ नोव्हेंबर
दानियल फोन कानाला लावून अंगणात बसला होता. मला ऐकवलं. मावशी. जेवलास का, विचारत होत्या.
कंपनीला लिहून हे थांबवते, म्हणाले. त्याने माझा हात धरला. “ताई, बंद नका करू. तेवढीच तर उरली.”

२६ नोव्हेंबर
आई शेतातल्या विहिरीपाशी बोलावते, असं दानियल सांगत होता. मी समजावलं. जोएलसरांनीही. ऐकून घेतो, मान हलवतो, पुन्हा फोन कानाला—

२७ नोव्हेंबर
विहिरीतून काढला. जीव आहे, शुद्ध नाही. पोलिसांना फोनचं सांगितलं. लिहून घेतलं त्यांनी. विश्वास— नाही बसला.

२८ नोव्हेंबर
आईला फोन केला. माझ्या आवाजात कुणी काही सांगितलं तर ऐकू नको, म्हणून. ती हसली. “तूच तं सकायले सांगं, ये म्हनीसन. मी बसम्हा शे, चिमी.”
मी सकाळी फोन केला नव्हता. बसमधून उतर, परत फिर, म्हणाले. ती हळूच म्हणाली,
“मंग आत्ते बोली ऱ्हायनी ती कोन शे?”
फोन कट. खोटी मीच ठरले.

थांब्यावर बसलेय. लिहिलं नाही तर डोकं फिरेल. तिचा फोन सारखा व्यस्त. कुणाशी बोलते— माहीत आहे.

बस आली. रस्त्याच्या पलीकडे थांबली. आई उतरली. फोन कानाला. हाक मारली, पोचत नाही. मधून ट्रक— ती हसतेय, मान डोलावतेय. माझ्याकडे बघत नाही. तिकडे कुणीतरी तिला सांगतंय, ये, रस्ता मोकळा—

आई, नको, मी इकडे