दुपारचा थेंब

५ नोव्हेंबर, कुडवा
आलो बा एकदाचा पोराकडे! हेमेंद्रनं मोटरसायकलवर बसवून आणलं. रस्ताभर मीच त्याला ट्रक आला, बैल आला सांगत होतो. शेवटी म्हणाला, बाबूजी, गाडी मी चालवून राहिलो का तुम्ही? सून गुंजन शाळेत शिकवते. बिचारीनं समोरची उजेडाची खोली मला रिकामी करून दिली. चोरखमाऱ्याच्या तलावाजवळ चाळीस वर्षं किराणा चालवला, आता गुलाबचंद शेठचा आराम सुरू. उद्या-परवा गोंदियाला डोळ्याच्या दवाखान्यात जायचं आहे. बाजूचं नीट दिसत नाही, बस. चष्म्याचा नंबर असेल.

७ नोव्हेंबर
नंबर नाही, काचबिंदू निघाला. एका मशीनमध्ये हनुवटी टेकवायची, मधल्या दिव्याकडे पाहायचं आणि बाजूला ठिपका चमकला की बटण दाबायचं. मी दणादण दाबलं. मशीनवाली पोरगी म्हणाली, काका, ठिपका नसतानाही काऊन दाबता? तिथं काहीतरी हललं होतं, म्हणून दाबलं.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डावा डोळा गेल्यातच जमा. गेलेली नजर येत नाही, उजव्यात उरली ती थेंबांनी राखायची. आधी काय टाकत होते, विचारलं. मी खिशातली लाली घालवायची बाटली दाखवली. भल्ल्या संतापल्या. म्हणाल्या, हे वर्षानुवर्षं टाकूनच डोळ्याचं प्रेशर वाढलं. कोणी दिली? मी म्हणालो, दुकानातून घेतली. दुकान माझंच, हे नाही सांगितलं.
नवा थेंब सकाळी आठ, रात्री आठ. टाकला की डायरीत खूण करायची.

१० नोव्हेंबर
आज लिहूनच टाकतो. धान चुरताना, मळणीत, कोंडा डोळ्यात जातो, डोळा लालभडक होतो. सारं गाव माझ्या दुकानी यायचं. मी बाकावर बसवायचो, हनुवटी धरून नजर वर करायला लावायचो आणि म्हणायचो, वर पाय, थोडंसं जळन, सहन कर. दोन मिनिटांत लाली गायब. लोक हात जोडायचे आणि मलाही पुण्य केल्यासारखं वाटायचं.
सगळ्यांत जास्त थेंब माझ्या बायकोच्या, गंगाच्या डोळ्यात गेले. ती म्हणायची, बाजूनं अंधार येऊन राहिला. मी म्हणायचो, वय झालं तुझं, आणि अजून एक टाकायचो. चार वर्षांआधी ती तलावात बुडून गेली. मी सगळ्यांना सांगितलं, पाय घसरला. पाय कायचा घसरतो! तिला पायरी दिसलीच नाही.
बाटली समोरच्या नालीत फेकली.

१८ नोव्हेंबर
गुंजनला म्हणालो, पोरी, शाळा सोडून दुपारी थेंब टाकायला येत नको जाऊ. ती म्हणाली, मी कुठं येते? ती पाचशिवाय घरी येत नाही. मी नालीत पडू नये म्हणून बाहेरून कडी लावून जाते.
मग रोज दुपारी माझी हनुवटी वर करतं कोण? बोटं थंडगार असतात. तलावातल्या गाळाचा वास येतो.
गुंजननं डायरी उघडली. रोज दोन खुणा माझ्या, पेनाच्या. तिसरी बोटाची, चिखलाची.

२१ नोव्हेंबर
प्रेशर कमी व्हायचं तर वाढलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जुनाच थेंब टाकून राहिले तुम्ही. मी गंगाची शपथ घेतली. दुसऱ्या कोणाची आठवलीच नाही.
मशीनमध्ये बटणावरून बोट काढलंच नाही मी. मागच्या वेळी बाजूला हलली होती, ती जवळ आली होती.

२५ नोव्हेंबर
हेमेंद्र दुपारभर खुर्ची टाकून बाजूला बसला. कोणी आलं नाही. हसला, म्हणाला, मनाचे खेळ आहेत बाबूजी. फोन आला म्हणून अंगणात गेला — तेवढ्यात उशी ओली. उशीखाली तीच बाटली. बाहेरून चिखलानं माखलेली. फेकलेली तेव्हा अर्धी होती. आता काठोकाठ.

२७ नोव्हेंबर
आठाण्याएवढं भोक उरलं उजेडाचं. लिहिताना ओळ सापडत नाही. भोकाच्या भोवती अंधार आणि अंधारात ती भिंत चाचपत फिरते. तिलाही दिसत नाही ना. म्हणून मला शोधायला इतके दिवस लागले. रडू येतं मला. भीतीपेक्षा रडूच जास्त.

२९ नोव्हेंबर, दुपार
सकाळी हेमेंद्रला सगळं सांगितलं. दुकान आता गावातला भोजराज चालवतो, त्या बाटल्याही विकतो, धान चुरणं सुरू आहे, बाक अजून तिथंच आहे.  पोरगा एवढंच म्हणाला — मायला दिसत नव्हतं, हे तुम्हाला माहीत होतं?
मीच म्हणालो, गावाला जा. एकेकाच्या घरून बाटली काढून आण. गेला. गुंजन शाळेत. कडी बाहेरून.

आली. भिंतीवरून हात सरकून राहिला — खाटेच्या पायाशी —

गंगे, मी इथं आहो. चाचपू नको, पडशील. मी इथं —

भोकही नाही आता. पेन कागदावर आहे का —

हनुवटीला हात लावला. मीच वर केली. चूक झाली गंगे, मला तेव्हाच —

म्हणते, वर पाय. थोडंसं जळन, सहन