काठीचा आवाज

तीर्थरूप बाबांना दंडवत.

मी इकडे परदेशात मजेत आहे, काळजी नसावी. तुमचा खोकला कसा आहे? खाणीत तोंडाला फडकं बांधता ना?

रविवारी ऑफिसातल्या दीडशहाण्यांबरोबर ज्वालामुखीचा डोंगर पार केला. तुम्ही जन्मभर फोडताय तोच काळा दगड, आणि ही मंडळी त्याला टेकून फोटो काढत होती!

सकाळचं ऊन बघून साहेबांनी सगळ्यांना रेनकोट बसमध्येच ठेवायला लावले. फोनमध्ये पाऊस नव्हता ना! तासाभरात धुकं उतरलं, मग गारा. साहेब तरी फोनच पुसत होते.

पुढे थिजलेला लाव्हा लागला, वरून अगदी टणक. तुम्ही खाणीत दगडावर आपटता तशी मी काठी आपटून पाहिली. आवाज पोकळ आला. "इथून नको," म्हटलं, तर सगळे फिदीफिदी हसले. दुसऱ्याच पावलाला साहेबांचा पाय गुडघ्यापर्यंत आत! मग काय, ती ओलीचिंब वरात माझ्या काठीमागून मुकाट उतरली. साहेबांना बाहेर ओढताना माझा हात थोडा सोलवटला, आईला सांगू नका.

खाली आल्यावर साहेबांनी विचारलं, "हे कुठे शिकलास?"

मी म्हणालो, "एका पुस्तकात वाचलं होतं."

बाबा, सबंध पत्रभर त्यांना नावं ठेवली, पण ते माझ्यापेक्षा बरे; मी तर तुम्हालाच लपवलं. उद्या त्यांना खरं सांगेन. आधी इथे लिहून बघतो.

आपला,
दगडफोड्याचा मुलगा