बाटल्यांवरचा पांढरा थर

नशिराबाद,
१२ जून १९९१

प्रिय हमीदा,

धुळ्याचा तुझा पत्ता तुझ्या सुगराबी खालाकडून मिळवला. द्यायला ती तयार नव्हती. दारातच म्हणाली, "आता कशाला हवाय?" मी दारातून हलले नाही, मग तिनंच कागदावर लिहून दिला. सकाळपासून तीनदा लिहायला बसले आणि तीनदा उठले. एकदा दूध बघायला, मग उगाच अंगण झाडायला.

यंदा पहूरचे गावरान आंबे आणून आमरसाच्या चाळीस बाटल्या भरल्या, एकटीनं. झाकण लावताना हात अडतो. तू बाटली धरायचीस, मी झाकण आवळायचे, तीन उन्हाळ्यांची सवय. घरात सगळे म्हणतात, हिचं लक्ष नसतं हल्ली.

गेल्या वर्षी मे महिन्यात नळाला आठ-आठ दिवस पाणी नव्हतं, म्हणून आपण भरलेल्या बाटल्या माझ्या अंगणातल्या नव्या बोअरच्या पाण्यात उकळल्या. ओल्या होत्या तोवर काच लख्ख दिसली, वाळल्यावर तिच्यावर पांढरा थर धरला. तू म्हणालीस, "कुंदाताई, पुसलं तरी जात नाही. द्यायच्या आधी कुणाला विचारू या का?" मी ऐकलं नाही. दीपनगर कॉलनीतल्या आपल्या गिऱ्हाईक बायका वाट बघत होत्या आणि मला घाई झाली होती.

तिथं सगळ्यांच्या ऑर्डरी गोळा करणाऱ्या पुष्पाबाईंनी बाटली उजेडात धरली. "ही बुरशी आहे. बाटल्या धुतल्या कुणी?" मी म्हणाले, "हमीदानं." खोटं नव्हतं ते. पण पाणी माझं होतं, घाई माझी होती, ते मी बोलले नाही. मागून कुणीतरी म्हणालं, "त्यांच्या हातचं घ्यायलाच नको होतं." तेव्हाही मी गप्प. तू रिकाम्या पिशव्यांची घडी घातलीस.

जुलैत मी घरी उरलेली तशीच एक बाटली घेऊन जळगावला गेले. फळं टिकवायचा वर्ग घेणाऱ्या सुनंदाबाईंनी कापसाचा बोळा व्हिनेगरमध्ये बुडवून काचेवर फिरवला आणि थर निघून गेला. म्हणाल्या, "बुरशी कसली? पाणी जड आहे तुमचं. उकळलं की त्यातला क्षार काचेवर बसतो. आतल्या रसाला काही होत नाही. पाण्यात थोडं व्हिनेगर टाकत जा." एवढंच होतं ते! बसमध्ये ठरवलं, उद्याच हमीदाकडे जायचं. तू दोन गल्ल्या पलीकडे तर राहत होतीस. उद्या गेले नाही, परवाही नाही. दिवाळीच्या आधी तुमचं सामान ट्रकमध्ये चढत होतं, तेव्हा मी खिडकीआड उभी होते.

यंदाच्या बाटल्या व्हिनेगर घालून उकळल्या. पुष्पाबाई खूश. "बघा, आता कशा चकचकीत! माणूस बदललं की फरक पडतोच." मी हसले. हमीदा, मी हसले गं.

आता हे का लिहिते ते सांगते. गेल्या आठवड्यात धुळ्याचा एक महिला गृहउद्योग चालवणाऱ्या बाईंचं पत्र आलं. तू तिथं काम मागितलं आहेस. त्यांच्या कानावर दीपनगरची गोष्ट गेली आहे, आणि तू पूर्वी माझ्याबरोबर काम करायचीस म्हणून त्यांनी मलाच विचारलं, हमीदाबी स्वच्छतेनं काम करतात का. पत्र हातात घेऊन मी घरभर फिरत राहिले. रविवारी दीपनगरला जाऊन सगळ्यांसमोर सांगितलं, ती बुरशी नव्हतीच, क्षार होता, आणि हे मला जुलैपासून ठाऊक होतं; पाणी माझं होतं, हमीदानं आधीच सावध केलं होतं, मीच ऐकलं नाही. पुष्पाबाई म्हणाल्या, "वर्षानं हे कशाला उकरता?" आणि चहा टाकायला आत गेल्या. मी चहा न घेता निघाले. तेच सारं लिहून काल धुळ्याला टाकलं, खाली सही करून. त्या बाई तुला बोलावून ते वाचून दाखवतील. माझा गुन्हा तुला परक्या तोंडून कळू नये, तो मी स्वतः सांगावा, म्हणून हे पत्र. काम तुला मिळो. माझ्याशी बोलायचं की नाही, ते तू ठरव.

अजूनही स्वतःला तुझीच म्हणवणारी,
कुंदा