मावशीची ओटी

बमरोली, सुरत
ता. ६ मार्च

ती. योगराजदादास गायत्रीचा सा. न. वि. वि.

फोनवर बोलताना आई कान देऊन शेजारी बसते, म्हणून हे पत्र. परवा टीव्हीवर विमान पडल्याची बातमी होती. पायलट गेला. तू ज्याची देखभाल करतोस त्याच जातीचं विमान, आणि बातमीवाले त्याला ‘उडती शवपेटी’ म्हणत होते. तेव्हापासून आईच्या घशाखाली घास उतरत नाही. तू जमिनीवरच असतोस हे सांगून मी थकले. पडलेलं तुमचं नव्हतं, एवढं एका ओळीत कळव. भीती मलाही वाटते आहे.

तुझी गायत्री

ता. १३ मार्च

चि. गायत्रीस अनेक आशीर्वाद.

बाई, तू मास्तरीण झालीस म्हणून माझ्याकडूनही एका ओळीत उत्तरं मागू नकोस. ते विमान दुसऱ्या तळावरचं. ज्यांनी त्याचा एक स्क्रू कधी पिळला नाही, ते असली नावं देतात. आम्ही आमच्या विमानाला ‘मावशी’ म्हणतो. सकाळी सुरू होताना कुरकुरते, पण जीव लावते. पंजाबी पोरंसुद्धा मावशीच म्हणतात. आईला हे वाचून दाखव.

योगराज

ता. २१ मार्च

ती. दादास सा. न.

आई दोन भाकरी जेवली आणि गल्लीभर पेढे वाटून आली. मग म्हणाली, मावशी म्हणजे माझी बहीणच की, तिची ओटी कुणी भरली असेल? खण, नारळ, तांदूळ पार्सलने पाठवले आहेत. हसू नकोस, पाच मिनिटं पंखाखाली ठेव. बाबा मात्र महिन्यात पहिल्यांदा हसले.

लोभ आहेच, तो राहू दे.

गायत्री

ता. ३० मार्च

चि. गायत्रीस आशीर्वाद.

पार्सल पोचलं. ओटी कुणाची भरू? पडली ती मावशीच. त्या सकाळी तपासून ‘ठीक आहे’ अशी सही मीच केली होती. चौकशी चालू आहे, चूक कशात होती ते अजून कुणालाच कळलेलं नाही. पायलट माझ्याहून तीन वर्षांनी लहान. शिडी चढताना मावशीला थोपटायचा. आईच्या पोटात अन्न जावं म्हणून मी खोटं लिहिलं. तिला कळू देऊ नकोस.

योगराज

ता. ७ एप्रिल

चि. योगराजास आईचे अनेक आशीर्वाद.

गायत्री शाळेत होती. पोस्टमनने पत्र माझ्या हातात दिलं आणि तुझं अक्षर पाहून मला राहवलं नाही. तुझ्यावर राग नाही. तू सही डोळे झाकून करणारा नाहीस. चौकशीत जे असेल ते सांग.

पण मी पेढे वाटले तेव्हा त्या पोराच्या घरी सुतक होतं. तू खोटं लिहिलंस म्हणून म्हणत नाही. विमान दुसऱ्या तळावरचं असतं, तरी कुणाच्या तरी घरी सुतक असतंच, आणि मी दारोदार पेढे वाटत होते. तेव्हा हे माझ्या मनातही आलं नाही, याची लाज वाटते.

त्याच्या आईचा पत्ता पाठव. तिला काय लिहायचं ते मला ठाऊक नाही, पण लिहिणार आहे.

तुझी आई