खोडलेल्या मिशा

प्रिय चिंगळे,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकली असशील, म्हणून आधीच सांगतो, आई ठणठणीत आहे. माझ्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. आता समोरच्या गच्चीतल्या दोरीवरचे चिमटेसुद्धा मोजता येतात, आणि मी ते मोजत बसतो अशी आईची तक्रार आहे. रविवारी तुझा फोन येतो, तुम्हा दोघींचं तासभर चालतं, मग तू मला गोळ्या घेतल्या का विचारतेस, मी घेतल्या म्हणतो आणि फोन पुन्हा आईकडे जातो. मला जे सांगायचं आहे ते एवढ्यात मावत नाही.

तुला चिंगळी म्हणायला मीच सुरुवात केली. जन्मलीस तेव्हा जेमतेम दोन किलोची होतीस. आईने तेव्हाच टोमणा मारला होता, की दिवसरात्र माशांचं वर्गीकरण करणाऱ्याला पोरीसाठी मासाच नसलेला प्राणी सापडावा, कमाल झाली. चिंगळी कोळंबीची भावकी, तिला कणा नसतो. तुझ्या बाबतीत माझं ते वर्गीकरण साफ चुकलं.

गेल्या महिन्यात संग्रहालयातल्या बरण्या नव्या इमारतीत हलवल्या. निवृत्त माणसाची एरवी कोण आठवण काढतो, पण चिठ्ठ्यांवरचं माझं अक्षर कोणाला लागेना, म्हणून बोलावणं आलं. चार दिवस मी उंच स्टुलावर बसून नावं वाचत होतो आणि तिथली नवी संशोधक, तुझ्याहून दहाएक वर्षांनी लहान, ती लिहून घेत होती. बोटाएवढ्या चंदेरी माशांच्याच साठ बरण्या. बाजारात त्यांना सरसकट चिल्लर म्हणतात, पण खवल्यांची रांग मोजली की साठातून अकरा जाती निघतात. त्या मुलीला हे सगळं माहीत होतं, तरी तिने ऐकून घेतलं. मग मिशीवाल्या माशांच्या कपाटातून तिने एक बरणी काढली, वरच्या ओढ्यातली, आत एकच मासा, आणि मला ती बरणी लगेच ओळखता आली.

तुलाही आठवत असेल. तू एकोणीस वर्षांची होतीस आणि माझ्या पुस्तकातली सगळी चित्रं काढत होतीस. तो मासा जिवंत आणला होता. स्वयंपाकघरातल्या पांढऱ्या थाळ्यात पाणी घालून तू त्याच्यासमोर सकाळभर बसलीस, आईला भांडं मिळालं नाही म्हणून ती चिडली होती. मिशीवाला मासा ओळखायचा तर आधी मिशा मोजायच्या. तीन जोड्या असल्या तर एक जात, चार असल्या तर भलतीच. मी तीन मोजल्या होत्या, ओढ्याकाठी उभ्या उभ्या, आणि धडाही तसाच लिहून झाला होता. तू चार काढल्यास. चौथी जोडी नाकपुड्यांजवळ, केसाएवढी. मी चित्र तुझ्यापुढे टाकलं आणि म्हटलं, पुस्तकात तीन आहेत, खोडून टाक. तू एवढंच विचारलंस, "बाबा, चित्र माशाचं काढायचं की पुस्तकाचं?" मी म्हणालो, ज्याला कळतं त्याचं ऐकायचं. तू खोडलंस. पुस्तक पुरं केलंस, आणि त्यानंतर पेन्सिल हातात धरली नाहीस.

आता तू दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या घडवतेस. आई अभिमानाने सांगते की तुझा दात कोणाला टोचत नाही. ज्याचा जबडा जसा, तसाच दात. मला ते ऐकवत नाही, म्हणून मी उठून गॅलरीत जातो.

त्या संशोधक मुलीला भिंगाखाली माशाच्या नाकाजवळ एक खुंट दिसला, तुटलेल्या मिशीचा असावा असा. तिला वाटतं ही जात कोणी नोंदवलेलीच नाही. ती तीनदा जाळं घेऊन वरच्या ओढ्यावर जाऊन आली. तिथे आता काँक्रीटचा नाला आहे, पाण्यात काही नाही. बरणीतला मासा कधीच पांढराफटक पडलाय. तिने मला सरळ विचारलं, की जिवंतपणी चौथी जोडी तुम्ही पाहिली होती का.

चिंगळे, पाहिली होती. तू चित्र खोडून कॉलेजला गेलीस, त्याच दुपारी. तुझा प्रश्न डोक्यातून जाईना म्हणून भिंग घेऊन मी त्या थाळ्याशी बसलो. दोन्ही बाजूंना एकेक, तू काढली होतीस तशीच. मी भिंग खणात ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी धडा छापखान्यात दिला. संध्याकाळी तुला सांगेन म्हटलं, मग पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करेन म्हटलं. तीन आवृत्त्या निघाल्या. बावीस वर्षं सगळे तुझं ते चित्र बघून तीनच मोजत आले. चूक झाली होती ती मला माफ करता येते. कळल्यावर गप्प बसलो त्याची मला फार लाज वाटते. हे सगळं मी त्या मुलीला सांगितलं, पण ते आधी तुला सांगायला हवं होतं.

सोबत तुझं मूळ चित्र पाठवतो आहे, दोन पुठ्ठ्यांमध्ये, दुमडू नकोस. परवा सकाळी ते खिडकीशी तिरपं धरलं तेव्हा नव्या डोळ्याला दिसलं. तू शिसं खोडलं होतंस, पण पेन्सिलीचा दाब कागदात तसाच राहिलाय. नाकपुड्यांजवळ दोन बारीक चरे आहेत. ती जात जगाला दाखवायची तर आता एवढा एकच पुरावा उरला आहे. त्यावरून पेन्सिल फिरवशील का? नसेल जमत तर तसंच परत पाठव, मी काही म्हणणार नाही. पण काढलंस, तर तुला दिसलं होतं तसं काढ. मिशा मी मोजणार नाही.

तुझाच,
बाबा