पोटगीचा अर्ज आणि माधवीची हजेरी

मी, सुरज विठ्ठल केदारी, वय वर्षे सव्वीस, धंदा गुलाबाच्या पॉलिहाऊसवर देखरेख, शिक्षण एस. वाय. बी. कॉम. अर्धवट, राहणार बेगडेवाडी, तालुका मावळ, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. माझं डोकं तापट आहे पण ठिकाणावर आहे. मी कसलीही नशा केलेली नाही, मला कोणी धाक दाखवलेला नाही आणि जीव द्यायचा माझा विचार नाही. हे शेवटचं वाक्य आईच्या सांगण्यावरून घातलं. मृत्युपत्र हा शब्द ऐकल्यापासून ती माझ्या मागेमागे फिरते आहे.

या वयात हे लिहायचं कारण असं. गेल्या महिन्यात जुन्या हायवेवर माझी मोटरसायकल घसरली आणि खांदा निखळला. त्याच आठवड्यात माझी मुलगी पवना, वय चार, माझ्याकडे राहायला आली होती. त्याआधी ती तिच्या आईकडे, म्हणजे माधवीकडे, लोणावळ्यात असायची. आमचा घटस्फोट झाला तेव्हा ताबा तिला मिळाला होता आणि पोटगी मी भरत होतो. आता माधवीला तिच्या हॉटेलने बढती देऊन नाशिकला पाठवलं. तिथं रात्रपाळ्या, पोरीला बघणारं कोणी नाही. म्हणून दोघांच्या संमतीने वडगावच्या कोर्टात ताबा बदलला. वकील सारिका मॅडम म्हणाल्या, "आता मूल तुझ्याकडे आहे. मृत्युपत्र कर. आणि माधवीकडून पोटगी मागायची की नाही, ते सोमवारपर्यंत सांग." आज रविवार आहे.

कलम एक. बेगडेवाडीच्या घरातला माझा हिस्सा पवनाला मिळावा. माझी आई सरूबाई हिने हयातभर त्यात राहावं. तिचं शिलाई मशीन ज्या खिडकीपाशी आहे तिथून कोणी हलवू नये. बहीण हिराताई हिने तिचा हिस्सा कधी मागितला नाही. मागितला तर तोंड वाकडं न करता द्यावा.

कलम दोन. पतसंस्थेत जे काही आहे ते पवनाचं. फार नाही. कोणी उगाच आशा धरून बसू नये.

कलम तीन. मोटरसायकल विकून टाकावी. आठवण म्हणून ठेवू नये. माझं हेल्मेट मित्र माऊली याच्याकडे आहे, ते त्याच्याकडेच राहू द्यावं. घसरलो त्या दिवशीही ते त्याच्याकडेच होतं, एवढं मात्र त्याला चारचौघांत सांगावं.

कलम चार. माझी छाटणीची कात्री आणि गुलाबाचे डोळे भरून कलमं करायचा चाकू मी पॉलिहाऊसचे मालक हनुमंतभाऊ यांच्या नावे करणार होतो. पण ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये, असं मॅडमनी बजावलं होतं. भाऊंना विचारलं तर म्हणाले, "कात्री घिऊ का सही करू, एकच कायतरी सांग. मला बाकीची कामं हायेत." त्यांची सही पाहिजे, म्हणून हत्यारं माझ्या हाताखाली काम करणाऱ्या कोमलला द्यावीत.

भाऊंचं माझ्यावर एक देणंही आहे, पण ते नुसतं पैशांचं नाही. लोणावळ्यात तुंगार्लीच्या ज्या हॉटेलात माधवी काउंटरवर होती, तिथं आमच्या पॉलिहाऊसची फुलं जायची. ती पोचवायला टेम्पोबरोबर कामगार होता, तरी मीच जायचो. पोटगीही मी तिथंच रोख तिच्या हातात द्यायचो. तिने बँकेचा खातेनंबर दिला होता, मी तो वापरला नाही. तिच्या हातावर पैसे ठेवेपर्यंत ती माझ्याकडे बघायची, तेवढ्यासाठी. एके दिवशी ती एका गिऱ्हाइकाशी हसून बोलत होती. मी फुलांचा सगळा गठ्ठा काउंटरवर आपटला आणि जे बोललो ते पवनाने कधी वाचू नये म्हणून इथे लिहीत नाही. माधवी एवढंच म्हणाली, "सुरज, मी ड्यूटीवर आहे." मग ती खाली बसून पाकळ्या गोळा करायला लागली. हॉटेलने आमची फुलं बंद केली. भाऊंनी मला काढलं नाही. म्हणाले, "आरं, फुलं वाळली तर दुसरी येत्यात. गिऱ्हाईक वाळल्यावर काय लावायचं?" ते नुकसान मी भरून देऊ शकलो नाही, याची नोंद असावी.

त्यानंतर माधवीने अट घातली की पोरीची देवाणघेवाण माझ्या हातून होणार नाही. ती तिच्या आईने, कस्तुराबाईंनी, त्यांच्या लोणावळ्याच्या घरी करावी. तीच अट ताबा बदलतानाही कायम राहिली. म्हणजे माधवी सुट्टीला येईल, पवनाला भेटेल आणि परत जाईल. मी तिला दिसणार नाही आणि ती मला दिसणार नाही.

कलम पाच. माझ्यानंतर पवनाची पालक हिराताई असावी, असं मी आधी लिहिलं होतं. रागाने लिहिलं होतं, हे कबूल. मॅडमनी वाचून कागद परत दिला. "तिची आई जिवंत आहे. तुझ्यामागे पालक तीच. तू इथं कोणाचंही नाव लिही, आधी तिचाच हक्क." म्हणून लिहितो की मी गेलो तर पवना माधवीकडे जावी. माधवी तिला नेईपर्यंत तिने माझ्या आईकडे राहावं. हे लिहायला कायद्याने भाग पाडलं, पण लिहिल्यावर बरं वाटलं.

कलम सहा. या मृत्युपत्राची अंमलबजावणी हिराताईने करावी. तिला यातलं काही मिळणार नाही, फक्त त्रास मिळेल. तो तिला लहानपणापासून सवयीचा आहे.

कलम सात. मुलीच्या पोटगीसाठी माधवीविरुद्ध वडगाव मावळच्या कोर्टात अर्ज टाकावा आणि प्रत्येक तारखेला तिने स्वतः हजर राहावं अशी मागणी करावी.

या कलमावर काट मारली आहे. काटेवर माझी सही आहे. खोडलेलं वाचता येतं, आणि येऊ द्यावं. ते का लिहिलं आणि का खोडलं, हे पवना अठरा वर्षांची झाल्यावर तिला कळलं पाहिजे.

पवना, तुझी आई माझ्या वर्गात होती. तिच्या घरी स्थळं बघायला लागले आणि मी परीक्षा सोडून कामाला लागलो. तिला म्हणालो, तू शीक, मी कमावतो. ती शिकली. मी रोज कॉलेजच्या फाटकाशी तिला घ्यायला उभा असायचो. मला ते प्रेम वाटायचं, तिला तो पहारा वाटायचा. ती हे मला सांगायची तेव्हा मी इतक्या जोरात बोलायचो की तिचं पुढचं मला ऐकूच यायचं नाही. आमच्या संसाराचं एवढंच झालं. बाकी कोणी काही सांगितलं तर खोटं समज.

ताबा बदलायच्या कागदावर सह्या करायला आम्ही कोर्टाच्या व्हरांड्यात बसलो होतो. माधवी म्हणाली, "पोटगीचं पण लिहून टाकूया."

मी म्हणालो, "मला तुझा एक पैसा नको."

"तुला कोण देतंय? पवनाला देतेय."

"तिचा बाप खंबीर आहे."

"आणि मी कोण? सुट्टीत खाऊ घेऊन येणारी मावशी?"

मी उठून बाहेर गेलो. आपण तिला काहीतरी माफ केलं, असं वाटून छाती फुगली होती. पोटगीचं काही न लिहिता कागद पुढे गेला.

मग खांदा बांधून घरी पडलो तेव्हा दुसराच विचार आला. मॅडमना फोन केला. "अर्ज टाकला तर माधवीला तारखेला यावं लागेल का?"

"सुरुवातीला तरी यावं लागेल."

"मग टाका."

मॅडम म्हणाल्या, "माझ्याकडे भांडणाची बरीच कारणं घेऊन लोक येतात. हे नवीन आहे. नीट विचार कर."

नाशिकहून वडगावला यायचं म्हणजे तिची रात्रपाळी करून पहाटेची एसटी, इथे दिवसभर बाकावर बसणं आणि परत जाऊन पुन्हा रात्रपाळी. मी ते सगळं मनात बघितलं. बघितलं तेव्हा मला तिची दमणूक दिसली नाही. ती माझ्या समोरच्या बाकावर बसली आहे, एवढंच दिसलं.

हिराताई माहेरी आली होती. तिला सांगितलं तर म्हणाली, "तुला पोरीची पोटगी पायजे का माधवीची तारीख?"

"दोन्ही."

"मंग दोन अर्ज टाक. पोरीच्या नावाचा एक अन् तुझ्या नावाचा दुसरा. बघू कोर्ट कुटला घेतंय."

आई मशीनवरून म्हणाली, "आगं, त्याला कशाला टोचतीस? खांदा दुखतोय त्याचा."

"खांदा न्हाई गं आये दुखत त्याचा."

मी दोघींवर ओरडलो. मग मागच्या दारी जाऊन बसलो. पवना तिथं पायातले बूट काढायला बघत होती. निघेनात. ते माधवीने घेतलेले, माझ्या पोटगीच्या पैशांतले. पोटगी भरायचो तेव्हा पोरगी मला कधीमधीच भेटायची. पण हे बूट रोज तिच्या पायात असायचे आणि त्यात मी होतो. भाऊ मला चिडवायचे, "पोरगी हितं न्हाई अन् पैसं कशाला?" त्यावरून मी भांडलोही होतो त्यांच्याशी. तेवढं एक देणं होतं म्हणून मी बाप होतो. आणि माधवीने मला एकदाही म्हटलं नाही की तुझा पैसा नको. तिला म्हणता आलं असतं. माझं वागणं बघता तिने म्हणायलाच हवं होतं. तिने ते पैसे घेतले, मोजून पर्समध्ये ठेवले आणि पोरीला सांगितलं, बाबांनी बूट दिले.

मी मात्र तिला व्हरांड्यात म्हणालो की तुझा एक पैसा नको. मग त्याच पैशाच्या आडून तिला तारखेला खेचायला निघालो. दोन्ही वेळा पोरगी माझ्या डोक्यात नव्हती.

कलम आठ, सातव्याच्या जागी. माधवीकडून पवनासाठी पोटगी घ्यावी. आमचं तिच्यावाचून अडलंय म्हणून नव्हे. हनुमंतभाऊंकडचा माझा पगार आणि आईची शिलाई यात पोरगी उपाशी राहणार नाही. पण तिच्या शाळेत, औषधात, कपड्यात तिच्या आईचा वाटा असला पाहिजे आणि तो पोरीला ठाऊक असला पाहिजे. रक्कम माधवीने सांगावी. मी त्यावर घासाघीस करणार नाही. ती पवनाच्या नावच्या खात्यात थेट जावी आणि कोणाच्याही हातात दिली-घेतली जाऊ नये, माझ्या तर नाहीच.

अर्ज दोघांच्या संमतीचा असावा. मॅडमना मघाशी फोन करून सांगितलं. त्या म्हणाल्या, दोघांची लेखी संमती असली की तिच्या खेपा वाचवता येतील. मी म्हणालो, "एकही खेप पडू नये असं बघा." त्या म्हणाल्या, "नक्की?" मी हो म्हणालो. त्यांनी पुन्हा विचारलं असतं तर माझं काही सांगता येत नव्हतं, पण त्यांनी विचारलं नाही. संमतीचा कागद घेऊन हिराताई नाशिकला जाईल. मी तिला स्टँडवर सोडायलासुद्धा जाणार नाही. कारण मग मी गाडीत चढेन.

शेवटचं. माधवीवर माझं अजून प्रेम आहे. हे लिहिल्याशिवाय माझ्या मिळकतीचा तपशील पुरा होत नाही. पण ते कोणाच्या नावे करता येत नाही आणि कोणी ते तिच्यापर्यंत पोचवूही नये. हे मृत्युपत्र तिला दाखवायची वेळ आली तर हा परिच्छेद झाकून दाखवावा.

हे सगळं मी वाचून, समजून, माझ्या मर्जीने लिहिलं. याआधी मी असा कागद केलेला नाही. पुढे केला तर तो खरा धरावा.

ठिकाण: बेगडेवाडी, ता. मावळ
रविवार, दि. २२ फेब्रुवारी २०२६

(सही) सुरज विठ्ठल केदारी

साक्षीदार:

१. हनुमंत सखाराम शेलार. सुरजने माझ्यासमोर सही केली. शेवटचा परिच्छेद काढून टाक म्हणून मी त्याला सांगितले. तो नाही म्हणाला. आवाज न चढवता नाही म्हणाला, म्हणून तो शुद्धीत आहे असे मी समजतो. (सही)

२. भिमाजी तुकाराम गायखे, शेजारी. वरीलप्रमाणे. (सही)